वार अडवणारं हाड

स्टॅनमोर
रविवार, ७ एप्रिल २०२४

प्रिय शशीकाका,

तुमच्या प्रवासाचं वेळापत्रक मिळालं. पेन्झन्सपासून थर्सोपर्यंत, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, थोडं पायी, थोडं ट्रेनने, एकाहत्तराव्या वर्षी एकट्याने. एरवी मी कौतुक केलं असतं. फोन तुम्ही लीड्सच्या घरीच ठेवून गेलात, म्हणून हे पत्र सेंट आइव्हज्‌च्या गेस्टहाउसवर पाठवते आहे.

पत्र तीनदा लिहिलं. पहिल्या दोन वेळी सुरुवातच "सॉरी" अशी झाली होती. तो शब्द काढून टाकला.

आईने बाबांना सोडलं आहे. १ मार्चला ब्रॅकनेलच्या घरी बाबांनी तिचा गळा दाबला. ती बेशुद्ध पडली. शुद्धीवर आल्यावर, चोवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, तिने पोलिसांना फोन केला. बाबा आता जामिनावर आहेत. तिला भेटायला किंवा निरोप पाठवायला त्यांना मनाई आहे. ती माझ्याकडे राहते. हा फ्लॅट मी फार्मसीतल्या नव्या नोकरीबरोबर घेतला, बाबांना तो माहीत नाही. पत्ता पाकिटामागे लिहिलाय. तो फक्त तुमच्यासाठी आहे.

गळ्यावरच्या खुणा पंधरा दिवसांत गेल्या. बाबांचं म्हणणं, एकदाच भांडण झालं आणि ते वाढवून सांगितलं जातंय. पोलिसांनी आईचे एक्स-रे काढून घेतले. त्यात जुनी, जुळून आलेली हाडं दिसतात: डावं मनगट, दोन बरगड्या, उजवा हात. बाबांचे वकील म्हणतात, कधी तरी पडल्या असतील. या देशातल्या एकाही हॉस्पिटलात त्याची नोंद नाही, कारण तिन्ही वेळा उपचार तुमच्या डायनिंग टेबलवर झाले.

तुम्ही जे पाहिलंत ते पोलिसांना लेखी द्याल का? त्यांना ३१ मेपर्यंत हवं आहे. दुसरं कुणी ते देऊ शकत नाही. ते मिळालं नाही तर बाबा सुटतील, असं आमच्या वकील बाई सरळ म्हणाल्या.

पाय जपा.

तुमची,
शाल्मली


सेंट आइव्हज्
१४ एप्रिल

शाल्मली बाळा,

तुझं अक्षर पाहून बरं वाटलं. तुझ्या वयाच्या, इथे जन्मलेल्या मुलांपैकी कोण असं मराठी लिहितं? सुप्रभाने तुला धडे दिले ते वाया गेले नाहीत. आज ती असती तर गेस्टहाउसच्या मालकिणीलाही पत्र दाखवून आली असती.

झेनर नावाच्या गावापासून इथवर चालत आलो. सात मैल, पण कड्यावरून. गुडघा कुरकुरतो, मी त्याला सांगतो, बाबा रे, तुझ्यासारखे चार हजार बदलले आहेत मी. वाटेत एका शेतात मेंढी वीत होती. कोकरू अर्धंच बाहेर होतं आणि दोन कावळे त्याचे डोळे काढत होते. मेंढीला उठता येत नव्हतं. मी काठी उगारत पोहोचेपर्यंत जीभही गेली होती. शेतकरी आला, "मॉर्निंग" म्हणाला आणि फावड्याने एकाच घावात कोकराचं डोकं फोडलं. मग मेंढीला मोकळं केलं आणि मला विचारलं, चहा घेणार का. घेतला. चहा चांगला होता.

आता तुझ्या मुद्द्याकडे येतो. उदय तापट आहे, हे मी कधी नाकारलं नाही. आमचे वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्याला मी वाढवलं, मीच इथे आणलं. त्याचा राग मी ओळखतो. तो येतो तसा जातो. पंचेचाळीस वर्षं मी हाडं जोडली. ती कशी मोडली हे विचारणं माझं काम नव्हतं. आणि इतक्या वर्षांनी, कागद नसताना, मी काय आठवणार? दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय एका बाजूने सही करणं मला प्रशस्त वाटत नाही. घरातला माणूस कोर्टात उभा केला की तो परत घरात येत नाही, एवढं लक्षात ठेव.

नीनाला म्हणावं, कॅल्शियम वेळेवर घे.

पुढचा मुक्काम कार्लाइल. पत्ता तुझ्याकडे आहेच.

शशीकाका


स्टॅनमोर
२१ एप्रिल

प्रिय शशीकाका,

कॅल्शियमचा निरोप मी आईला दिला नाही.

तुम्हाला आठवत नसेल तर मला आठवतंय ते लिहिते. जे मी स्वतः पाहिलं तेवढंच लिहीन. अंदाज लिहिणार नाही.

ऑक्टोबर २००७, हाफ टर्मची सुट्टी. मी सात वर्षांची होते. आई गाडीत पुढच्या सीटवर होती. तिचा डावा हात टॉवेलमध्ये होता आणि टॉवेलमध्ये गोठवलेल्या मटारची पिशवी. आमच्या घरापासून हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं. आम्ही साडेतीन तास गाडी चालवून लीड्सला आलो. वाटेत बाबांनी मला चिप्स घेऊन दिले. आईने एकदा "थोडं हळू" म्हटलं. बाबांनी पुढच्याच वळणावर मुद्दाम जोरात ब्रेक मारला. ती ओरडली. बाबा माझ्याकडे आरशात बघून म्हणाले, "मम्मी इज बीईंग सिली."

तुमच्या घरी पोहोचल्यावर काकूने मला मागच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि पाटी काढली. त्या दिवशी मी "क"पासून "ङ"पर्यंत शिकले. बाहेरून आईचा आवाज आला की काकू मोठ्याने म्हणायची, "हं, पुढे?" आणि मी अक्षर म्हणायचे. मला वाटायचं, लीड्स म्हणजे मजा. २०११मध्ये, बरगड्यांच्या वेळी, मी वाचायला शिकले. २०१४मध्ये, हाताच्या वेळी, मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं, त्याच मागच्या खोलीत बसून. तुम्ही त्याचं किती कौतुक केलंत!

मला जितकं मराठी येतं तितकी माझ्या आईची हाडं मोडली आहेत, काका. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण मला ती भाषा आवडते.

आणि हेही लिहायला हवं. २०१४मध्ये शाळेतल्या बाईंनी मला विचारलं होतं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हणाले, आई जिन्यावरून पडली. असं सांग हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी ते आपणहून सांगितलं. माझ्या स्टेटमेंटमध्ये मी हे लिहिलं आहे, वकील बाई "गरज नाही" म्हणाल्या तरी.

मी तेरा वर्षांची होते. तुम्ही साठच्या पुढे होतात.

३१ मेला आता चाळीस दिवस आहेत.

शाल्मली


हॉल्टव्हिसल
९ मे

शाल्मली बाळा,

तुझं पत्र कार्लाइलला मिळालं. उत्तराला उशीर झाला. ते खिशात घेऊन रोमन भिंतीच्या कडेने तीन दिवस उलटसुलट चाललो. तू फार कडक लिहितेस. तुझ्या वयात मीही लिहायचो.

तुला हसवतो जरा. कार्लाइलला येताना ट्रेनमध्ये समोरच्या सीटवर एक जोडपं होतं, पंचविशीतलं. काही तरी फोनवरून वाद. त्या पोराने हळूच तिचं बोट धरलं आणि मागे वाकवत नेलं. चेहऱ्यावर हसू तसंच. मुलीच्या डोळ्यांतून पाणी, पण आवाज नाही. मी मनात म्हटलं, अजून दहा अंश आणि सांधा निखळणार. तेवढ्यात पलीकडून एक ऐंशीची गोरी म्हातारी उठली आणि आपल्या चालायच्या काठीने तिने त्या पोराच्या कानशिलावर असा तडाखा दिला, की त्याचं कपाळ खिडकीवर आपटून फुटलं. रक्त, आरडाओरडा, गार्ड! म्हातारी म्हणते कशी, "मी पेन्रिथला उतरणार आहे, तोवर पोलीस बोलवा, नाही तर माझा भाऊ वाट बघत बसेल." सगळा डबा हसला.

असो. मीही हात बांधून बसलेलो नाही. मोठा भाऊ म्हणून जे करायला हवं ते मंगळवारी केलं. उदयला सविस्तर पत्र लिहिलं. त्यात त्याला स्पष्ट सांगितलं, की तू चुकलास, आता नीनाच्या समोर जा, हात जोड, माफी माग. तुमचा पत्ता दिला. रागावू नकोस. बायकोची माफी मागायला नवऱ्याला पोलिसांची परवानगी लागावी, हे मला पटत नाही. आपल्याकडे अशा गोष्टी समोरासमोर बसून मिटतात. बघ, एकदा त्याचे डोळे भरून आले की नीनाही विरघळेल. मग कुणाच्याच सहीची गरज उरणार नाही.

आता फोर्ट विल्यम. डोंगरात आठवडाभर पायी आहे. वीस-एकवीसला हॉस्टेलवर पोहोचेन.

शशीकाका


स्टॅनमोर
१६ मे

तुमचं पत्र सोमवारी आलं. बाबा रविवारी येऊन गेले होते.

सकाळी अकरा वाजता बेल वाजली. मला वाटलं पार्सल. दार मी उघडलं. कोण आहे हे आधी विचारलं नाही. एरवी मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते. औषधाची बाटली हातात असली की तीनदा. त्या दिवशी तपासलं नाही.

बाबांच्या हातात तुमचं पत्र होतं. ते म्हणाले, "दादाने पाठवलंय मला." शांत होते. आई स्वयंपाकघरात घावन करत होती. त्यांनी तिच्यासमोर हात जोडले आणि "माफ कर" म्हणाले. अगदी तुम्ही सांगितलं तसं. मग म्हणाले, "झालं? चल आता घरी."

आई म्हणाली, "नाही."

त्यांनी तिचे केस धरले आणि तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. मी मोजलं नाही. पोलिसांना "दोनदा किंवा तीनदा" असं सांगितलं. मी त्यांचा हात ओढला, त्यांनी कोपर मागे मारलं, माझे खालचे दोन दात गेले. मी त्यांच्या दंडाला चावले. मांस दातात आलं. सोडलं नाही. हेही मी पोलिसांना सांगितलंय. त्यांनी मला भिंतीवर फेकलं आणि गॅसवरचा तवा उचलला. तो गरम होता, त्यांचाही तळवा भाजला, तरी त्यांनी तो सोडला नाही. आईने उजवा हात चेहऱ्यापुढे धरला. पहिला घाव हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, काका. लहानपणी तुमच्याकडे दाराआडून ऐकलेल्या आवाजांत हा आवाज कधीच नव्हता, कारण हा आवाज आम्ही ब्रॅकनेललाच सोडून यायचो. हात खाली पडला. दुसरा घाव डोळ्यावर बसला.

समोरच्या फ्लॅटमधल्या दियाने दार वाजवलं आणि ओरडून सांगितलं, पोलीस निघालेत. तेव्हा बाबांनी तवा सिंकमध्ये नीट ठेवला, नळ सोडून हात पाण्याखाली धरला आणि जमिनीवर बसले. पोलीस आले तेव्हा म्हणाले, "आय केम टु अपॉलोजाइज. माय ब्रदर अ‍ॅडव्हाइज्ड मी. शी वेंट फॉर मी विथ द पॅन." आणि तुमचं पत्र त्यांना दिलं.

त्यांचे वकील ते पत्र कोर्टात दाखवणार आहेत. त्यांचं म्हणणं, सन्मान्य सर्जन असलेला मोठा भाऊ लिहितो, त्या अर्थी बाबा शांततेने माफी मागायला गेले होते. पत्रात तुम्ही लिहिलंय, "नीनाही तोंडाने कमी नाही, हे मला ठाऊक आहे." आमच्या वकील बाईंनी त्या ओळीचा इंग्रजी अनुवाद माझ्याकडूनच तपासून घेतला. मी तपासला. अनुवाद बरोबर होता.

आईच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. कवटीला भेग आहे. उजव्या हातात प्लेट घातली. या वेळी हॉस्पिटलात नोंद आहे.

तुमच्या मागच्या पत्रात तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून विचारते. ती म्हातारी उठली तेव्हा तुम्ही कुठे बसला होतात?

शाल्मली


फोर्ट विल्यम
२१ मे

शाल्मली,

समोरच बसलो होतो. दोन फुटांवर.

काल दुपारी डोंगरातून उतरलो तेव्हा तुझं पत्र मिळालं. हे उत्तर स्टेशनच्या बाकावर लिहितो आहे. समोर दक्षिणेकडची गाडी उभी आहे. उद्या मी तुझ्या केसच्या डिटेक्टिव्हसमोर बसेन. तिथे इंग्रजीत जे सांगणार आहे ते आधी तुला लिहितो, म्हणजे वाटेत माझा पाय घसरला तर तुझ्या हातात कागद राहील.

ऑक्टोबर २००७. नीनाचं डावं मनगट मोडलं होतं. मनगट पडल्यानेही मोडतं. पण दोन्ही दंडांवर बोटांचे ठसे होते, चार पुढे आणि एक मागे. ते मी पाहिले. मोडलेल्या जागी भुलीचं इंजेक्शन दिलं, सुप्रभाने खांदा धरायचा तर ती तुझ्याकडे होती, म्हणून उदयलाच धरायला लावलं. ज्याने मोडला त्यालाच. मी हात ओढून हाड बसवलं. एक्स-रे नव्हता.

जून २०११. डाव्या बाजूच्या दोन बरगड्या. कातडीवर बुटाची कड उमटली होती.

फेब्रुवारी २०१४. उजव्या हाताचं, कोपर ते मनगट यांमधलं, करंगळीच्या बाजूचं हाड, बरोबर मध्यावर. शाल्मली, माणूस पडतो तेव्हा हे हाड असं एकटं मोडत नाही. वार येतो, माणूस चेहरा वाचवायला हात वर करतो, तेव्हा ते मोडतं. हे मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं. परीक्षेत विचारायचो. चुकलं तर नापास करायचो. त्या दिवशी टेबलवर तो हात माझ्या हातात होता आणि मी नीनाला म्हणालो, "जिन्यावर नीट बघून चालत जा."

नोंद केली नाही, कारण नोंद केली असती तर उदय गेला असता, आणि त्याच्याबरोबर आमचं नाव. प्लास्टरची बंडलं मी गॅरेजमध्ये ठेवू लागलो होतो. म्हणजे पुढच्या वेळेची तयारी होती.

आणखी एक, जे एक्स-रेमध्ये कधी दिसणार नाही. २००७ साली प्लास्टर वाळत असताना उदय गाडी वळवायला बाहेर गेला. नीना मला म्हणाली, "भावोजी, मला आणि शाल्मलीला इथेच राहू द्या." मी ऐकलं. म्हणालो, "आधी हात बरा होऊ दे." आणि बाहेर जाऊन उदयला सांगितलं, की ट्रॅफिक वाढायच्या आत निघा. सुप्रभाने दाराआडून ते ऐकलं होतं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, आणि मी समजलो की विषय संपला.

फोन मी शांततेसाठी घरी ठेवला नव्हता. मार्चपासून उदय रोज फोन करायचा: "दादा, तू काही बोलणार नाहीस ना?" मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि पेन्झन्सचं तिकीट काढलं. हा प्रवास वगैरे काही नव्हता. तुमच्यापासून जेवढं दूर चालता येईल तेवढं चालत होतो. तरी तुमचा पत्ता मात्र मी त्याला पोहोचवला. जामिनाच्या अटी माहीत होत्या. त्या इंग्रजांच्या आहेत, आपल्या नाहीत, असं वाटलं.

गाडी शिट्टी देते आहे.

शशिधर


२ फेब्रुवारी २०२५

शशीकाका,

शुक्रवारी शिक्षा सुनावली. नऊ वर्षं. ज्युरीतल्या दोघी, तुम्ही हाताच्या हाडाबद्दल सांगत होतात तेव्हा, नकळत स्वतःचा हात चेहऱ्यापुढे धरून बघत होत्या. आमच्या वकील बाई म्हणतात, खटला तिथेच फिरला. बाबांच्या वकिलांनी तुम्हाला विचारलं, "म्हणजे डॉक्टर, तुम्ही सतरा वर्षं खोटं बोलत होतात?" तुम्ही "हो" म्हणालात आणि पुढे काहीच जोडलं नाहीत. त्याबद्दल मी तुमचे आभार मानते. ते मानायला हवेत.

तुम्ही कोर्टाबाहेर मला चिठ्ठी दिलीत: नीनाला भेटायला येऊ का? मी उत्तराला वेळ घेतला, कारण मला तिचं उत्तर हवं होतं, माझं नको होतं.

आई कोर्टात पडद्यामागे बसली होती, हे तुम्हाला माहीत आहे. तिला तुम्ही दिसला नाहीत, फक्त तुमचा आवाज आला. घरी परतताना ती स्टेशनवर उतरली आणि प्लॅटफॉर्मवरच तिला उलटी झाली. मला वाटलं डोक्याच्या दुखापतीमुळे असेल, मी घाबरले. ती म्हणाली, "नाही गं. आवाज तसाच आहे त्यांचा. 'जरा दुखेल हं' म्हणायचे ना, तसाच."

काल तिला चिठ्ठी वाचून दाखवली. ती डाव्या हाताने भाजी चिरायला शिकते आहे, चिरत राहिली. मग म्हणाली, "नको."

मी विचारलं, "कधीच नको?"

"खरं सांगितलं त्यांनी," ती म्हणाली. "पोलिसांना सांगितलं, कोर्टाला सांगितलं, तुला पानंच्या पानं लिहून सांगितलं. राहू द्या, असं मी त्यांना विचारलं होतं ना? मला अजून काही उत्तर आलेलं नाही."

मी रात्रीपर्यंत थांबले नाही, लगेच तुमची सगळी पत्रं काढून बघितली. खरं आहे. प्रत्येक पाकिटावर माझं नाव आहे. आत तिच्यासाठी फक्त कॅल्शियमचा निरोप होता. मीही तुम्हाला सगळं तिच्याबद्दल लिहीत राहिले आणि तिला एकदाही विचारलं नाही, की तुला त्यांना काय लिहायचंय.

म्हणून यापुढे मी तुम्हाला लिहिणार नाही. तुम्हीही मला लिहू नका. लिहायचं असेल तर तिला लिहा. तो फ्लॅट आम्ही सोडला, आत्ताचा पत्ता मी देणार नाही. वकील बाईंच्या ऑफिसवर पाठवा, पाकिटावर तिचं नाव घाला. ती ते उघडेल की तसंच कचऱ्यात टाकेल, हे मला माहीत नाही, आणि मी तिला विचारणारही नाही.

शाल्मली